शिखांच्या लग्नाला जाताना



चालकांचे पत्र आले त्यात ‘कामगार चळवळीवर काही बोलावे’ असे लिहिले होते. मी उलट निरोप धाडला की, त्या विषयावर मी वर्षाचे बारा महिने मागांच्या शेडबाहेर उभा राहून बोलतच असतो, आणि ऐकणारेही तेच तेच असतात. सध्या लग्नसराई आहे. गावात एका मांडवाचा कर्णा थांबला की दुसऱ्याचा सुरू होतो. तेव्हा मला लग्नावर बोलू द्या. आणि तेही आपल्या नव्हे, शिखांच्या लग्नावर. चालक जरा बुचकळ्यात पडले. पण त्यांनी नाही म्हटले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता आपण विचाराल, विट्याच्या माणसाला शिखांच्या लग्नाशी काय करायचे आहे? मी म्हणतो, इतर कोणत्याही गावापेक्षा जास्त. या खानापूर तालुक्यातली, शेजारच्या आटपाडी-तासगावातली आपली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी साऱ्या हिंदुस्थानभर पसरली आहेत. मुशीपुढे बसलेला आपल्याकडचा मुलगा अमृतसरच्या पेठेतही सापडतो आणि लुधियान्यातही. त्याचे शेजारी सरदार, त्याचे गिऱ्हाईक सरदार, अडीअडचणीला दवाखान्यात नेणारे सरदार. त्यांच्या घरचे आमंत्रण त्याला येणारच, आणि पोराला भेटायला गेलेल्या त्याच्या आईबापांनाही येणार. अशा वेळी गांगरून जाऊ नये एवढ्यासाठी मी जे पाहिले ते सांगतो. मी सातवी सोडून मागावर गेलेला माणूस आहे. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे पाहिलेले किती आणि वाचलेले किती, हे वेगळे करून सांगण्याची मला सवय आहे.

मला आमंत्रण आले ते पंजाबातून नव्हे, आपल्या नांदेडहून. तिथले एक शीख गृहस्थ मालमोटार चालवीत आणि सुताची गाडी घेऊन आपल्या भागात येत. वीस वर्षांपूर्वी आमचा एक संप चालू असताना त्यांची भरलेली गाडी दारात आली. आम्ही आडवे झालो. भांडण होईल असे वाटले होते. पण त्यांनी गाडी बाजूला लावली, खाली उतरले आणि तीन दिवस आमच्यातच बसून राहिले. त्यांचा भत्ता बुडाला. तेव्हापासून ते मला ‘भाऊ’ म्हणतात आणि मी त्यांना ‘सरदारजी’. त्यांच्या मुलीचे लग्न निघाले तेव्हा फोन आला, “भाऊ, वहिनीला घेऊन यायचं. आहेर आणायचा नाही, आणि एक दिवस आधी यायचं.” आम्ही उभयता एस.टी.ने पंढरपूर, सोलापूर, लातूर करीत नांदेडला पोहोचलो.

नांदेडचे शीख मराठी बोलतात याचे पुष्कळांना नवल वाटते. त्यामागे इतिहास आहे. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी काहीजण मागे राहिले. पुढे महाराजा रणजितसिंगांनी तिथे सचखंड हजूर साहिबची वास्तू बांधवली. ते काम १८३२ ते १८३७ या काळात झाले. त्याच सुमारास लाहोरहून निजामाच्या राज्यात शिखांची फौजही आली. या साऱ्यांची मुलेबाळे इथेच वाढली आणि दख्खनी शीख झाली. आमचे सरदारजी घरात पंजाबी, बाजारात दख्खनी हिंदी आणि माझ्याशी मराठवाड्याची मराठी बोलतात.

नांदेडच्या इतिहासातली एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण लग्नातले पाहुण्याचे सारे वागणे तिच्यावर अवलंबून आहे. जाण्यापूर्वी गोविंदसिंगांनी सांगितले की, माझ्यानंतर देहधारी गुरू नाही. ग्रंथ हाच गुरू. म्हणून गुरू ग्रंथ साहिब हा शिखांच्या दृष्टीने नुसता पवित्र ग्रंथ नाही, तो दरबारात बसलेला गुरू आहे. त्याच्यावर चांदवा असतो, त्याला रुमाल्यांची वस्त्रे असतात, त्याच्यावर चौरी ढाळतात, रात्री त्याला विश्रांतीसाठी वेगळ्या खोलीत नेतात. शिखांचे लग्न म्हणजे या दरबारात, गुरूसमोर दोघांनी दिलेला शब्द. एवढे एक समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्यक्ष गुरू समोर बसला असता आपण काय करू? डोके झाकू, जोडे बाहेर काढू, हातपाय धुऊ, खाली बसू, त्याच्याकडे पाय पसरणार नाही आणि मध्येच उठून गप्पा मारणार नाही. झाले! सारी आचारसंहिता यात आली.

तरी तपशील सांगतो, कारण माणूस अडखळतो तो तपशिलात.

डोक्याला फेटा किंवा पटका असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मोठा हातरुमाल घेऊन जावा. दाराशी रुमालांची टोपलीही ठेवलेली असते. बायकांनी पदर घ्यावा, तो घसरू नये अशी तजवीज करून. बोडके डोके चालत नाही. मग तो मंत्री असो की माझ्यासारखा. जोडे ठेवायला जोडाघर असते. तिथे खिडकीतून जोडे घेणारा माणूस नोकर समजू नका. मी ज्यांच्या हातात माझ्या झिजलेल्या वहाणा दिल्या ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ शहरातले बऱ्यापैकी व्यापारी निघाले. सेवा म्हणून आठवड्यातून एक दिवस ते तिथे उभे राहतात. वहाणा घेताना त्यांनी मला हात जोडले, आणि मी इतका गडबडलो की उलट हात जोडायचे विसरलो.

आता माझी फजिती. जोडाघरापाशी उभा असताना माझा हात सवयीने खिशाकडे गेला आणि लक्षात आले की, तंबाखूची चंची बरोबरच आहे. शीख धर्मात तंबाखू पूर्ण वर्ज्य. अमृत घेतलेल्या शिखाने तंबाखू खाल्ली तर त्याचे व्रत मोडते. गुरुद्वाराच्या आवारात विडी, सिगारेट, तंबाखू, तपकीर काही न्यायचे नाही, खिशात दडवूनही नाही. माझी बायको म्हणाली, “मी सोलापूरपासून सांगत होते.” मी आल्या पावली बाहेर गेलो, रस्ता ओलांडला आणि तीस वर्षांची सोबतीण एका पानवाल्याच्या हवाली केली. परत येताना ती घेण्याचा विचार होता, हेही कबूल करतो. आपल्या मंडळींना माझे सांगणे एवढेच की, मिश्रीची डबीसुद्धा बिऱ्हाडी ठेवून जा. यजमान तोंडाने काही बोलणार नाहीत; पण त्यांना लागते.

लग्न सकाळचे असते, बहुधा दुपारच्या आत आटोपते. आधी गुरुद्वाराच्या दाराशी ‘मिलनी’ होते. मुलीकडचे आणि मुलाकडचे समोरासमोर उभे राहतात, अरदास म्हणजे प्रार्थना होते आणि मग बाप बापाला, मामा मामाला, काका काकाला हार घालून कडकडून भेटतो. आपली व्याहीभेट ती हीच. पण आपल्याकडे कोणी आधी वाकायचे यावर डोळे लागलेले असतात. तिथे दोन मामांनी एकमेकांना उचलून धरण्याची पैज लावली आणि सारे हसू लागले. त्यानंतर चहा-फराळ. मग सगळे दरबारात.

आत गेल्यावर सरळ पुढे जावे, गुरू ग्रंथ साहिबसमोर गुडघे टेकून मस्तक टेकवावे. समोर पेटी असते, तीत ऐपतीप्रमाणे पैसे टाकावेत. नाही टाकले तरी कोणी पाहत नाही. ज्याच्या मनाला मस्तक टेकणे मानवत नाही त्याने हात जोडून उभे राहावे, त्यालाही कोणी अडवीत नाही. मी स्वतः देवळात फारसा न जाणारा माणूस. पण त्या दिवशी मी टेकले, आणि का टेकले ते सांगतो.

त्या ग्रंथात १४३० पाने आहेत. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी तो १६०४ साली प्रथम सिद्ध केला. त्यात शीख गुरूंची वाणी आहे तशीच इतर संतांचीही आहे. हे संत कोण? कबीर विणकर, रविदास चांभार, सैन न्हावी, धन्ना शेतकरी. आणि आपला नामदेव शिंपी! नामदेवांची ६१ पदे त्या ग्रंथात आहेत. पंढरपुरास ज्यांच्या नावाच्या पायरीवर आपण पाय ठेवीत नाही ते नामदेव पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे, आणि २०१५ साली आपले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते. आदल्याच दिवशी पंढरपूरच्या स्थानकात आमची गाडी अर्धा तास थांबली होती. दुसऱ्या दिवशी नांदेडात त्याच नामदेवाचे शब्द चांदव्याखाली ठेवलेले आणि त्यांच्यावर चौरी ढाळली जाते आहे, हे मी पाहिले. मागावरचा माणूस मी. कापड विणणाऱ्याची आणि कापड शिवणाऱ्याची वाणी सिंहासनावर बसलेली पाहिली, आणि गुडघे आपोआप टेकले.

बसायचे सगळ्यांनी जमिनीवर, सतरंजीवर. बायका बहुधा एका बाजूस, पुरुष दुसऱ्या. खुर्च्या नाहीत, सोफे नाहीत, ‘निमंत्रितांसाठी राखीव’ अशी पाटी नाही. वृद्ध-अपंगांसाठी कडेला सोय असते, तेवढीच. मी मागे बसलो होतो. माझ्या एका बाजूला जिल्ह्याच्या कचेरीतले कोणी साहेब होते आणि दुसऱ्या बाजूला सरदारजींच्या गाडीवरचा क्लीनर. दोघांच्याही डोक्याला एकाच टोपलीतला भगवा रुमाल.

मुख्य विधी ऐका. रागी म्हणजे कीर्तन करणारे पेटी-तबल्यावर शबद गात असतात. वर येऊन समोर बसतो, मग वधू येते आणि त्याच्या डावीकडे बसते. वराच्या हाती तलवार पाहून दचकू नये. ते शिखांच्या पाच खुणांपैकी कृपाणाचेच थोरले रूप, रक्षणाच्या जबाबदारीची खूण. मग वधूवर आणि त्यांचे आईबाप एवढेच उभे राहतात आणि आरंभीची अरदास होते. इथे पाहुण्याने उठायचे नाही, हे लक्षात ठेवा. मी उठलो आणि क्लीनरने माझे धोतर धरून खाली बसवले. त्यानंतर ग्रंथी दोघांना चार शब्द उपदेशाचे सांगतात. मग वराच्या खांद्यावरच्या पल्ल्याचे टोक वधूचा बाप तिच्या हाती देतो. आपल्याकडे कन्यादानाच्या वेळी बापाचे डोळे भरतात तसे इथेही भरतात. वीस वर्षे घाटातून मालमोटार चालवणाऱ्या त्या हातांना पल्ल्याचे एवढेसे टोक धरवत नव्हते.

त्यानंतर ‘लावां’. चौथे गुरू रामदास, ज्यांनी अमृतसर वसवले, त्यांनी सूही रागात चार कडवी रचली आहेत. आपल्या समर्थांशी या नावाचा घोटाळा करू नये. एकेक कडवे आधी ग्रंथातून वाचतात, मग रागी तेच गातात, आणि गाणे चालू असता वधूवर गुरू ग्रंथ साहिबला उजवी घालून एक फेरा घेतात, मस्तक टेकतात आणि बसतात. असे चार वेळा. पहिल्यात कर्तव्याची आणि नामस्मरणाची सुरुवात, दुसऱ्यात गुरूची भेट होऊन भय जाणे, तिसऱ्यात जगाविषयी विरक्ती आणि देवाची ओढ, चौथ्यात मन शांत होऊन देवाशी मीलन, असा अर्थ मला वहिनींनी, म्हणजे वधूच्या आईने, नंतर समजावून सांगितला. म्हणजे नवराबायकोच्या निमित्ताने जिवाशिवाचे लग्न. वारकऱ्यांच्या गावात राहणाऱ्यांना हे परके वाटू नये.

माझ्या बायकोला एक गोष्ट खटकली. चारही फेऱ्यांत मुलगी मागेच चालते. तिने ते वहिनींना विचारले. वहिनी म्हणाल्या, “तुमच्या सप्तपदीत कोण पुढं असतं?” दोघी हसल्या, पण प्रश्न दोघींपाशीही तसाच राहिला.

या सगळ्या वेळात पाहुण्याने शांत बसून ऐकावे. अक्षता टाकायच्या नसतात, टाळ्या नाहीत, वाजंत्री नाही, मंगळसूत्र नाही, अंतरपाट नाही, ‘घटिका भरली’ म्हणून ओरडणारे कोणी नाही. चार फेरे झाले की ‘आनंद साहिब’ या वाणीची पहिली पाच आणि शेवटचे कडवे गातात. ती तिसरे गुरू अमरदास यांची रचना. त्यावरूनच या लग्नाला ‘आनंद कारज’ म्हणतात. मग सारी संगत उभी राहते आणि शेवटची अरदास होते. आता मात्र आपणही हात जोडून उभे राहावे. शेवटी ग्रंथ उघडून हुकूमनामा वाचतात आणि कडाह प्रसाद वाटतात. कणीक, साखर आणि तूप समप्रमाणात घालून केलेला तो शिरा. बसल्या जागी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायचा. नको म्हणायचे नाही. फार वाटला तर थोडा मागावा. हाताला तूप पुष्कळ लागते, ते पुसायची घाई नको. तिथली मंडळी ते हातावरच जिरवतात.

या विधीला कायद्याचा आधार १९०९ साली मिळाला. त्याआधी बऱ्याच शिखांची लग्ने अग्नीभोवती लागत, आणि आनंद पद्धतीच्या लग्नांना कोर्टात कोणी आव्हान दिले तर काय, ही धास्ती होती. ‘आनंद विवाह कायदा’ झाला आणि ती गेली. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन नोंदणीचीही तरतूद झाली. पुढे १९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने ‘रहत मर्यादा’ मंजूर केली. तिच्यातले लग्नाचे प्रकरण मी मुद्दाम मिळवून वाचले. त्यात म्हटले आहे: जात न पाहता लग्न करावे. बालविवाह करू नये. पत्रिका पाहू नये, मुहूर्त काढू नये. दोन्ही घरांना सोयीचा कोणताही दिवस चांगला. पैसा घेऊन सोयरीक करू नये. वरातीत मुलीकडचे म्हणतील तेवढीच थोडी माणसे आणावीत. दारू नको, नाच नको. विधवेच्या लग्नाचा विधीही हाच.

बंधुभगिनींनो, हे प्रकरण वाचून मी काही वेळ गप्प बसलो. कारण आमच्या कचेरीत उचलीच्या चिठ्ठ्यांचा ढीग आहे. मागावरचा कामगार मालकाकडून उचल घेतो ती दोन कारणांनी: दवाखाना आणि लग्न. दवाखान्याला इलाज नाही. पण लग्नाची उचल फेडता फेडता तीन-तीन, चार-चार वर्षे जातात. तोवर त्याला दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले तरी जाता येत नाही. मजुरीवाढीच्या सभेत हात वर करायचा, तर तो हात मालकाच्या वहीत अडकलेला. मी तीस वर्षे मजुरीच्या दरासाठी भांडलो, आणि माझ्या सभासदांची मजुरी मांडवातच उडून जाताना पाहत बसलो.

पण प्रसादानंतरचे लंगर राहिले, आणि मला खरे सांगायचे आहे ते तिथलेच. गुरुद्वाराच्या स्वयंपाकघरातले सार्वजनिक जेवण म्हणजे लंगर. लांब पट्ट्यांवर सारे एका रांगेत बसतात. आधी पंगत, मग संगत, असा गुरू अमरदासांचा दंडक. अकबर बादशहासुद्धा त्यांच्याकडे आला तेव्हा आधी पंगतीत बसला, अशी परंपरा सांगते. जेवण शाकाहारी: डाळ, भाजी, रोटी, खीर. रोटी दोन्ही हातांनी घ्यावी, पानात टाकू नये, लागेल तेवढेच मागावे. पुन्हा मागायला संकोच नाही. जेवून झाल्यावर वाटले तर वाढायला किंवा भांडी घासायला उभे राहावे. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. माझी बायको रोट्या लाटायला बसली आणि तिथेच तिच्या पाच मैत्रिणी झाल्या.

मी जेवायला बसलो. एका बाजूला तो क्लीनर, समोरच्या रांगेत नवऱ्या मुलाचा बाप, त्याच्या शेजारी जोडे सांभाळणारे ते गृहस्थ आणि रस्त्यावरून आत आलेला कोणी भिकारी. आणि मला पंधरा वर्षांपूर्वीचे आपल्या भागातले एक लग्न आठवले. एका मालकाच्या मुलाचे लग्न होते. आमच्या मागावरच्या साऱ्यांना बोलावणे होते. मी युनियनचा पुढारी म्हणून मला पहिल्या पंगतीत, पुढाऱ्यांच्या शेजारी बसवले. श्रीखंड होते, आग्रह होता. कामगार आणि कांड्या भरणाऱ्या बाया मागच्या आवारात बसून होत्या. त्यांचे पान चार वाजता मांडले, तेव्हा श्रीखंड संपले होते. मी हात धुऊन बाहेर आलो, तेव्हा त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, “भाऊ, तुमी जेवलासा न्हवं? मग झालं तर.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिले असते. मी गप्प राहिलो. समतेवर हजार भाषणे केलेला माणूस मी, आणि पंगतीतून उठण्याचे मला सुचले नाही. नांदेडला त्या पट्टीवर बसून रोटी घेण्यासाठी दोन हात पुढे केले तेव्हा ती म्हातारी डोळ्यांपुढे आली, आणि घास काही वेळ तोंडातच फिरला.

आता तुम्ही म्हणाल, हा शिखांची आरतीच ओवाळायला लागला. तसे नाही. पुस्तकातली मर्यादा एक आणि व्यवहार एक, हे तिथेही आहे. पंजाबातल्या कित्येक गावांत दलित शिखांची गुरुद्वारे वेगळी आहेत. लग्नाच्या जाहिरातींत जात छापलेली असते. श्रीमंतांच्या लग्नात पैशाची उधळपट्टी इतकी झाली की, धर्मपीठांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. समुद्रकाठी, हॉटेलांत लग्ने लावण्यासाठी ग्रंथ साहिब नेऊ नये, असे २०२३ साली बजावावे लागले. आमच्या सरदारजींच्याच घरी पाहा. सकाळी हे असे लग्न झाले, दुपारी मुलीची डोली निघाली. जाताना ती मागे न पाहता डोक्यावरून फुललेले धान्य माहेरावर उधळते, ते पाहून आपल्याकडच्या बायका रडतात तशा सगळ्या रडल्या. आणि संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये स्वागतसमारंभ. रोषणाई, कानठळ्या बसवणारे संगीत, भांगडा, पाचशे माणसांचे जेवण. पाकिटे द्यायची ती इथे. रकमेवर एक रुपया वर घालतात आपल्यासारखाच. आम्ही साडीचोळी नेली होती, ती घरीच दिली होती.

रात्री सगळे पांगल्यावर सरदारजी माझ्याजवळ येऊन बसले. मी म्हटले, “थाटात झालं.” ते म्हणाले, “भाऊ, सकाळचं लग्न गुरूचं होतं, संध्याकाळचं लोकांचं. सकाळी काही खर्च आला नाही. कर्ज झालं ते संध्याकाळचं.” गाडीवर कर्ज काढले होते. मी विचारले, “मग केलंत कशाला?” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्या मोठ्या मुलीच्या वेळी तुम्ही का केलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मीही केले होते. पतपेढीचे हप्ते पाच वर्षे फेडले होते.

म्हणून मी इथे शिखांचे लग्न मांडले ते त्यांना वर आणि आपल्याला खाली दाखवायला नव्हे. सकाळचे लग्न आपल्याकडेही होते, ते आपण हरवून बसलो. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि १८७३ सालच्या डिसेंबरातच भटजीवाचून पहिले लग्न लावले. ती चळवळ तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात खेडोपाडी रुजली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६ च्या दिवसांत, याच मुलखात ‘गांधी लग्ने’ लागली. हुंडा नाही, बँड नाही, मानपान नाही. चार लोकांसमोर हार घातले की लग्न झाले. इथे बसलेल्या काही घरांतल्या आजी-आजोबांची लग्ने तशी लागली असतील. त्यांचे संसार काही वाईट झाले नाहीत. मग ती रीत मोडली कोणी? मालकाने मोडली नाही, सरकारने मोडली नाही. ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने मोडली. आणि ते म्हणणारे लोक कोण? आपण पाहुणेच.

मित्रहो, मला समजले ते इतकेच. शिखांच्या दरबारात पाहुणा हा पाहुणा राहतच नाही, तो संगत होतो. त्याच्यापाशी मागितलेले असते ते झाकलेले डोके, ओंजळ आणि पंगतीतली एक जागा. त्याला कोणी मान देत नाही, म्हणून त्याचा कोणी अपमानही करू शकत नाही. आपल्या मांडवात आपण पाहुणे मानाचा हिशेब मागतो, आणि तो हिशेब यजमान मालकाच्या वहीतून चुकता करतो. लग्न स्वस्त करणे नवरीच्या बापाच्या हाती फार थोडे आहे. ते पाहुण्यांच्या हाती आहे.

माझ्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात करायचे आहे. आम्ही घरात तीन गोष्टी ठरवायला बसलो: उचल किंवा कर्ज काढायचे नाही, पंगत एकच मांडायची, तीत पहिले-दुसरे नाही, आणि मुहूर्त पाहायचा नाही. पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीवर बायको अडून बसली आहे, आणि तिच्याशी वाटाघाटी करण्याचा माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो की, ती हटणार नाही. दोन तर दोन. कांड्या भरणारी ती म्हातारी अजून आहे. तिला मी स्वतः जाऊन सांगून आलो आहे की, पहिल्या पंगतीत तुझे पान माझ्या शेजारी. ती म्हणाली, “बघू.”

आपणा सर्वांनाही आमंत्रण आहे. आहेर आणू नये. वेळेवर यावे, आणि जिथे जागा मिळेल तिथे बसावे.